गाठ लहान, वाट लांब

"गुरुजी, दुर्बिणीचं ऑपरेशन त बायांचं असतं. तुमाला कशाला करतात?"

विवळवेढ्याजवळच्या एका पाड्यावरच्या मावशींनी मला हे विचारलं ते २०११ साली, पावसाळ्याच्या तोंडावर. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. त्याला घ्यायला त्या शाळेच्या पडवीत आल्या होत्या, आणि 'गुरुजींचं मुंबईला ऑपरेशन आहे' ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी हसलो. मुलंही हसली. पण प्रश्न खोटा नव्हता. आमच्या डहाणू-तलासरी भागात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे कुटुंब नियोजनाचं शिबिर. माझ्या छातीत, अन्ननलिकेला चिकटलेली गाठ त्याच दुर्बिणीनं निघणार होती, हे त्यांना सांगायला मला तेव्हा शब्द सापडले नाहीत. पुढे बरं झाल्यावर मी वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. आज जे सांगणार आहे ते म्हणजे मावशींच्या प्रश्नाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

विवळवेढे हे डहाणूच्या महालक्ष्मीचं गाव. मुंबईहून अहमदाबादकडे जाताना चारोटी मागे पडली आणि तलासरी अजून यायची आहे, अशा टप्प्यावर महामार्गाला लागूनच देवीचं मंदिर दिसतं. मागे गड आहे. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस इथे यात्रा भरते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, किनाऱ्यावरचे मच्छीमार, गुजरातेतून येणारे भाविक अशी सगळ्यांची गर्दी होते. त्या वर्षीच्या यात्रेत मी एका ओळखीच्या घरी जेवायला बसलो असताना भाकरीचा घास छातीत अडकला. खाली जाईना, वर येईना. पाण्याचा घोट घेतला तर तोही उलटून आला. दीड-दोन वर्षं हे थोडं थोडं होत होतं. 'अ‍ॅसिडिटी' म्हणून गोळ्या चालू होत्या आणि मीही त्यावर समाधान मानून होतो. त्या दिवशी मात्र घरची मंडळी घाबरली.

मुंबईत बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिकेतून उतरणारा पांढरा प्रवाह एका ठिकाणी आत दबलेला दिसत होता, कुणी बाहेरून अंगठ्यानं दाबून धरावं तसा. मग सीटी स्कॅन झाला. अन्ननलिकेच्या भिंतीत, छातीच्या खालच्या भागात, लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर तिला 'सिस्ट' म्हणत होते. 'गाठ' हा शब्द ऐकला की आपल्या मनात पहिल्यांदा जे येतं, तेच माझ्याही आलं. सर्जननी ओळखलं असावं. म्हणाले, "गुरुजी, ही साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. तुम्ही जन्मला तेव्हापासून ही तुमच्याबरोबर आहे."

हे मला नवीन होतं. त्यांनी समजावलं ते असं. आईच्या पोटात गर्भ पाच ते आठ आठवड्यांचा असताना श्वासनलिका आणि अन्ननलिका एकाच नळीतून वेगळ्या होत असतात. त्या वेळी एखादा छोटा कप्पा जिथल्या तिथे राहून जातो. बाहेर जायला वाट नसल्यानं त्याच्या आतला चिकट द्रव साठत जातो, आणि वर्षानुवर्षं तो फुगा हळूहळू भरतो. आमच्या डहाणूत फुग्यांचे कारखाने होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं. बहुतेकांना अशी गाठ कधी कळतही नाही, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत ती दिसते. काहींना मात्र गिळताना अडतं, खोकला लागतो, छातीत दुखतं. शवविच्छेदनाच्या नोंदींवरून जो अंदाज केला जातो, तो सुमारे ८,२०० माणसांमागे एक असा आहे.

ही साधी गाठ काढायला मोठं ऑपरेशन का लागावं? गाठ साधी असली तरी तिची जागा साधी नव्हती, हे त्याचं उत्तर. पुढे हृदय, बाजूला फुप्फुसं, मागे पाठीचा कणा आणि शरीरातली सगळ्यात मोठी रोहिणी, आणि या सगळ्यांच्या मधून उतरणारी अन्ननलिका. तिथवर पोचायचं म्हणजे बरगड्यांचा पिंजरा उघडायचा.

पिंजरा उघडणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माझ्या वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता. ते साल १९५३. फुप्फुसातली जखम मिटावी म्हणून छातीची ती बाजू कायमची दाबून टाकायची, आणि त्यासाठी बरगड्या काढायच्या, अशी तेव्हाची रीत होती. वडिलांच्या सात बरगड्या दोन टप्प्यांत काढल्या. ते वाचले, संसार केला, म्हातारे होऊन गेले. पण डावा खांदा कायम उतरलेला राहिला. पाठीवर खांद्यापासून काखेखालून वळलेला वण होता, आणि आंघोळीच्या वेळी आम्ही भावंडं त्यावरून बोट फिरवायचो. पाण्याची बादली त्यांनी डाव्या हातानं कधी उचलली नाही. मास्तर होते म्हणून निभावलं. शेतावर किंवा होडीवर पोट असतं, तर काय झालं असतं कोण जाणे. सर्जननी 'छातीत शिरावं लागेल' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो खांदा आला.

छातीत शिरण्याची अडचण मुळात हवेची. पोट उघडलं तर माणूस श्वास घेत राहतो. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुटक्या फुग्यासारखं बसतं. म्हणून पोटाची ऑपरेशनं एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली, पण छातीला हात लावायला सर्जन धजत नव्हते. १९०४ मध्ये ब्रेस्लाऊ इथे फर्डिनांड झाउअरब्रुख या तरुण सर्जननं एक खोलीवजा पेटी बनवली. रुग्णाचं डोकं बाहेर, धड आत, सर्जनही आत, आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. मग छाती उघडली तरी फुप्फुस बसत नसे. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबानं हवा देण्याची सोपी पद्धत आली आणि ती पेटी मागे पडली. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी कर्करोग झालेला छातीतला अन्ननलिकेचा भाग काढला, आणि ती ६७ वर्षांची बाई पुढे बारा-तेरा वर्षं जगली. मानेजवळचं एक छिद्र आणि जठराचं दुसरं छिद्र यांना जोडणाऱ्या रबरी नळीतून तिचं जेवण पोटात जाई.

तेव्हापासून जवळजवळ ऐंशी वर्षं अन्ननलिकेजवळच्या गाठीला हाच रस्ता होता. पाठीपासून काखेखाली वीतभर किंवा त्याहून मोठा छेद, बरगड्यांच्या मध्ये लोखंडी फासळी घालून त्या फाकवायच्या, काम करायचं आणि शिवून टाकायचं. कर्करोग असेल तर माणूस हे सोसतो, कारण समोर मरण असतं. साध्या गाठीचं तसं नसतं. तिथं दुखण्यापेक्षा वाटच जास्त दुखते. बरगड्यांमधल्या नसा दाबल्या गेल्यानं कितीतरी रुग्णांना महिनोन् महिने त्या जागी आग होत राहते.

शरीर न उघडता आत डोकावण्याची धडपड मात्र याहून जुनी आहे. १८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरनं मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचं एक उपकरण केलं. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेनं ते मोडीत काढलं. १९०१ मध्ये जर्मनीच्या गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून मूत्राशय पाहायची दुर्बीण आत घातली. आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी माणसाच्या पोटात आणि छातीत अशी दुर्बीण घालून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. ते सर्जन नव्हते, फिजिशियन होते.

आता गंमत पाहा. याकोबेउस यांची ही दुर्बीण छातीत मुख्यतः ज्या रोगासाठी वापरली गेली, तो क्षय. त्या काळी छातीत हवा भरून आजारी फुप्फुसाला विश्रांती देत असत. पण फुप्फुस आतून छातीला जागोजागी चिकटलेलं असलं, तर ते नीट बसत नसे. याकोबेउस यांनी एका छिद्रातून दुर्बीण आणि दुसऱ्या छिद्रातून तापवलेली तार घालून ते चिकट धागे जाळून तोडायची रीत बसवली. म्हणजे छातीत दोन छिद्रांतून काम करायचं तंत्र माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या चाळीस वर्षं आधीच जगात होतं. पण त्या दुर्बिणीतून धागे तोडण्यापलीकडे फारसं काही जमत नव्हतं. उजेड अंधूक होता आणि एका वेळी एकाच माणसाला, तेही एकाच डोळ्यानं, दिसायचं. ज्यांचं हवेनं भागत नसे, त्यांच्या बरगड्या काढत.

मग औषधं आली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, १९५२ मध्ये आयसोनियाझिड. १९५९ मध्ये मद्रासच्या केंद्रानं जगाला दाखवून दिलं, की क्षयाचा गरीब रुग्ण स्वतःच्या घरी राहून, गोळ्या घेऊन, सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. वडिलांचं ऑपरेशन थोडं लांबलं असतं, तर कदाचित त्यांच्या बरगड्या वाचल्या असत्या. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत. क्षयासाठी ऑपरेशनांची गरज उरली नाही, तशी छातीची दुर्बीणही बहुतेक ठिकाणी कपाटात गेली.

ती कपाटातून बाहेर आली ती उजेडामुळे. १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात लंडनच्या हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा लेख आला. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळणावळणानं नेता येतं, हे त्यांनी दाखवलं. कपानी हे पंजाबातल्या मोग्याचे. पुढे हॉपकिन्स यांनी दुर्बिणीच्या आतली भिंगांची रचनाच बदलली, आणि छोट्या नळीतून लख्ख चित्र दिसू लागलं. त्यानंतर दुर्बिणीच्या टोकाला छोटा कॅमेरा बसला. सर्जन, मदतनीस, भूलतज्ज्ञ, नर्स सगळ्यांना एकाच पडद्यावर एकच चित्र दिसू लागलं. आता दोन्ही हात मोकळे झाले.

पहिली पावलं पोटात पडली. १९८० मध्ये जर्मनीत कीलच्या कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं. सर्जन मंडळी इतकी संतापली, की त्यांना वैद्यकी करण्यापासून थांबवावं अशी मागणी झाली. १९८५ मध्ये बोब्लिंगेनच्या एरिख म्यूह यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, आणि पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांचीही उपेक्षा झाली. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लियोंच्या फिलिप मूरे यांनी कॅमेऱ्यावर बघत तेच केलं आणि वारा फिरला.

भारतात हे पहिल्यांदा झालं ते आपल्या मुंबईत. ३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी हे ऑपरेशन केलं. उडवाडिया हे आडनाव आमच्या भागातल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. विवळवेढ्याहून महामार्गानं उत्तरेला निघालं, की तलासरी, भिलाड, वापी ओलांडल्यावर उदवाडा येतं. पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी तिथे १७४२ पासून आहे, आणि पूर्वी संकटकाळात तो आमच्याच भागातल्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये बारा वर्षं सांभाळला होता, असं पारशी परंपरा सांगते.

उडवाडियांनी दुर्बीण हातात घेतली ती १९९० मध्ये नव्हे, तर १९७२ मध्ये. हे ध्यानात घ्यायला हवं. जे.जे. हे सरकारी रुग्णालय. खेड्यापाड्यांतून, झोपडपट्ट्यांतून पोट फुगलेले, पिवळे पडलेले, वजन उतरलेले रुग्ण येत. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. आत काय आहे हे कळायला पोट उघडायचं, किंवा अंदाजानं औषध द्यायचं. त्याऐवजी एका छोट्या छिद्रातून डोळ्यांनी बघून पोटाचा क्षय आहे, यकृत बिघडलंय, की कर्करोग पसरलाय हे ठरवता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. सहकाऱ्यांनी याची बरीच टिंगल केली. त्यांनी ते सोडलं नाही. पुढे हे तंत्र सगळीकडे पसरल्यावर 'ही श्रीमंतांची चैन आहे' असा सूर निघाला, तेव्हाही ते उलट बाजू मांडत राहिले. पोटावर छोटा वण असावा ही हौस श्रीमंताची असेल, पण लवकर उठून कामाला लागणं ही गरज गरिबाची आहे. ज्याचं हातावर पोट आहे, त्याला सहा आठवडे खाटेवर पडणं परवडत नाही. डॉ. उडवाडियांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण मिळालं. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

पोटानंतर सर्जन पुन्हा छातीकडे वळले. खरं तर छाती दुर्बिणीला सोयीची. पोटात जागा करायला वायू भरावा लागतो. छातीत बरगड्यांचा पिंजरा आधीच ताठ उभा आहे. श्वासनलिकेत दुहेरी नळी घालून एका बाजूच्या फुप्फुसाची हवा थांबवली, की ते बसतं आणि जागा मोकळी होते. जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी छातीच्या ऑपरेशनमधला सगळ्यात मोठा धोका होती, तीच आता मुद्दाम, मोजून-मापून केली जाते. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अन्ननलिकेच्या भिंतीतल्या साध्या गाठी दुर्बिणीनं काढल्याचे अहवाल येऊ लागले. १९९२ मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडीच्या अल्फ्रेड कुशिएरी यांनी कर्करोगाची अन्ननलिका सोडवण्यासाठीही छातीत दुर्बीण वापरली.

माझं ऑपरेशन याच वाटेनं झालं. उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून चार छिद्रं. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. सर्जननी नंतर चित्र काढून दाखवलं. अन्ननलिकेला बाहेरून स्नायूंचं आवरण असतं आणि आत नाजूक अस्तर. गाठ या दोहोंच्या मध्ये होती. स्नायूचे धागे उभे बाजूला सारायचे, गाठ हळूहळू सोडवायची, आणि आतलं अस्तर फाटू द्यायचं नाही, हे सगळं कौशल्य. ते फाटलं आणि लक्षात आलं नाही, तर लाळ आणि अन्न छातीत झिरपतं, पू होतो, जिवावर बेततं. म्हणून शेवटी अन्ननलिकेत तोंडातून दुर्बीण घालून हवा भरतात, बाहेरून पाणी सोडतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात ना, तसंच. बुडबुडे आले नाहीत. स्नायू पुन्हा शिवले. जठराकडे जाणारी मोठी नस अन्ननलिकेला लगटून जाते, तीही सांभाळली. पाचव्या दिवशी मी घरी आलो. तीन आठवड्यांनी शाळेत फळ्यावर लिहीत होतो.

हे सगळ्यांना जमतं असं नाही, आणि सगळ्यांना लागतंही नाही. गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर काही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. गाठ फार मोठी असेल, पिकून आजूबाजूला चिकटली असेल, तर दुर्बीण बाजूला ठेवून छाती उघडावी लागते. ते अपयश नसतं. 'उघडावं लागेल' हे वेळेवर ओळखणं हाही त्या कलेचाच भाग, असं माझ्या सर्जननी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. दुर्बिणीचं ऑपरेशन बायकांचंच असतं, असं त्या का म्हणाल्या? कारण त्यांच्या आयुष्यात ते तसंच होतं. जे.जे.मध्ये दुर्बिणीनं पहिलं पित्ताशय निघालं १९९० मध्ये. पण त्याच्या आधीची दहा वर्षं तीच दुर्बीण भारतातल्या खेड्यापाड्यांत फिरत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्रियांची नसबंदी दुर्बिणीनं होऊ लागली. बेंबीखाली छोटं छिद्र, बीजनलिकेवर रबराची कडी, आणि बाई त्याच दिवशी घरी. 'टाक्याचं' आणि 'दुर्बिणीचं' हे दोन शब्द तेव्हा गावागावात रुजले. १९८९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डॉ. पी. व्ही. मेहता यांनी आपण एकट्यानं दुर्बिणीनं केलेल्या २,५०,१३६ नसबंदी शस्त्रक्रियांचा अहवाल दिला होता. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. एका माणसाच्या हातून अडीच लाख! म्हणजे 'अशी नाजूक यंत्रं खेड्यात चालणार नाहीत' हे म्हणणं खरं नव्हतं. न्यायची ठरवली तेव्हा ती शाळेच्या वर्गापर्यंतही गेली.

ती कशासाठी न्यायची, हे मात्र मावशींना कुणी विचारलं नव्हतं. उद्दिष्टाचा आकडा पुरा झाला, की यंत्र पेटीत जाई आणि गाडी परत फिरे. त्या घाईची किंमतही बायकांनीच मोजली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांची ऑपरेशनं झाली, आणि त्या शिबिरानंतर डझनभराहून अधिक जणींचा जीव गेला. पुढे २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याची दिशा दाखवली.

मावशींचं दुर्बिणीचं ऑपरेशन तिशीच्या आत झालं होतं. माझ्या ऑपरेशननंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. माझ्या गाठीच्या मानानं किती साधं दुखणं! दुर्बिणीचं सगळ्यात नेहमीचं ऑपरेशन ते. मी म्हटलं, "मावशी, आता खरंच तुमचं दुर्बिणीचं ऑपरेशन." त्या म्हणाल्या, "आवणी होऊ दे." आवणी झाली, मग कापणी. मग घरची माणसं वीटभट्टीवर गेली, बरोबर कोण येणार? सरकारची योजना होती, पण कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. मुंबईला जायचं की सिल्वासाला, की वलसाडला, कुठे काय होतं, हे नेमकं सांगणारं कुणी नव्हतं. मीही दोनदा गेलो, कागद बघितले आणि माझ्या कामात गुंतलो. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. शेवटी डोळे पिवळे झाले, ताप भरला, तेव्हा त्यांना घाईनं नेलं. तोवर आत सगळं सुजून चिकटून गेलं होतं. दुर्बीण घातली, पण काम होईना. पोट उघडावं लागलं. त्या वाचल्या, पण त्या वर्षी आवणीला त्या बांधावर बसून होत्या. उजवा हात पोटावर धरूनच बोलायच्या.

माझ्या आठ हजारांत एखाद्याला होणाऱ्या गाठीला छोटी वाट मिळाली. शेकड्यानं होणाऱ्या त्यांच्या खड्यांना मिळाली नाही. माझा पगार महिन्याला येत होता, रजा होती, वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल मंजूर झालं, मुंबईत भाचा होता. छेदाची लांबी सर्जनच्या हातावर ठरते असं आपण समजतो. ती बरीचशी त्याआधीच ठरलेली असते. रुग्ण किती लवकर दारात पोचला, यावर ते अवलंबून असतं. वडिलांच्या वेळी औषध उशिरा आलं म्हणून बरगड्या गेल्या. मावशींच्या वेळी औषधही होतं आणि यंत्रही होतं, पण वेळेत तिथवर नेणारी वाट नव्हती.

महालक्ष्मीची एक कथा आमच्याकडे सांगतात. देवीचं मूळ ठाणं गडावर. एक गरोदर बाई नेमानं वर दर्शनाला जायची. एकदा तिला चढवेना, अर्ध्या वाटेत ती घेरी येऊन पडली. देवी म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून मंदिर पायथ्याशी, विवळवेढ्यात आहे. यात्रेला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना रस्त्यावरून दहा पावलं चालून दर्शन होतं, ते त्यामुळे.

ही गोष्ट मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितली. निवृत्त झाल्यावर ती मला वेगळी ऐकू येऊ लागली. गेल्या यात्रेत मावशी भेटल्या. आता काठी आहे हातात. त्यांच्या सुनेलाही पोटात दुखतंय म्हणाल्या, जेवल्यावर, उजव्या बाजूला. मी तिथूनच ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर कागद घेऊन स्वतः गेलो. या वेळी आवणीची वाट पाहिली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)